डोंगर पोखरून उंदीर

बंद पडलेलं यंत्र चालू करण्याचं शास्त्र आपल्या घराघरांत फार जुनं आहे. रेडिओ खरखरायला लागला की त्याच्या कुशीत एक थापट. टीव्हीवर मुंग्या आल्या की एकाने गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायची आणि दुसऱ्याने खिडकीतून "आलं, आलं... गेलं!" असा पुकारा करायचा. स्कूटर रुसली तर तिला एका अंगावर कलती करायची. टॉर्चचे सेल उन्हात वाळत घालायचे, स्टोव्हला पिन मारायची, पंख्याला काठीने ढकलून द्यायचं. या सगळ्या उपचारांमागे एकच तत्त्व आहे. यंत्राला काय होतंय हे विचारायच्या भानगडीत पडायचं नाही. आपल्याला जे येतं ते त्याला करून मोकळं व्हायचं.

कॉम्प्युटरचा माऊस हा या परंपरेतला शेवटचा रोगी. आपण माऊस हलवतो आणि पडद्यावरचा बाण देवळाबाहेरच्या नंदीसारखा ढिम्म बसून राहतो. मग माणूस काय करतो? माऊस उचलतो, उलटा करून त्याच्या पोटाकडे बघतो, फुंकर मारतो, टेबलावर दोनदा आपटतो. तरी हलला नाही तर दुप्पट जोराने फिरवतो. बहिऱ्याशी बोलताना आपण आवाज चढवतो, त्यातलाच हा प्रकार.

इतिहासात घोड्यांना मान आहे. चेतकाचं नाव शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण ज्या प्राण्यावर गेली कित्येक वर्षं जगातली कचेरीन् कचेरी स्वार झाली आहे, त्याची बखर कोणी लिहिली नाही. म्हणून हा उद्योग. त्यातही माऊसच्या चालण्याचा इतिहास कंपन्यांच्या जाहिरातींत सापडतो. मला लिहायचा आहे तो त्याच्या न चालण्याचा.

बुद्धीची देवता उंदरावर बसून फिरते, हे आपल्याला फार पूर्वी पटलेलं आहे. अमेरिकेला ते पटायला १९६४ साल उजाडलं. पटवून देणाऱ्या गृहस्थाचं नाव डग्लस एंगलबार्ट. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हा तरुण नौदलाचा रडार तंत्रज्ञ म्हणून फिलिपाइन्समधल्या लेटे बेटावर होता. तिथे खांबांवर उभारलेल्या एका झोपडीत रेडक्रॉसचं वाचनालय होतं. त्यात त्याने व्हॅनेव्हर बुश या शास्त्रज्ञाचा एक लेख वाचला. माणसाचं ज्ञान इतकं वाढतंय की ते शोधायला आणि जोडायला यंत्राची मदत लागेल, असा त्या लेखाचा मथितार्थ. पुढे १९५० मध्ये एंगलबार्टचा साखरपुडा झाला. आपल्याकडे साखरपुडा झालेला मुलगा कार्यालयाचं भाडं आणि वाढप्यांची बिदागी यांच्या हिशेबात असतो. हा विचार करायला लागला की, आता उरलेल्या आयुष्यात करायचं काय? आणि ठरवलं काय, तर माणसांना एकत्र बसून अवघड प्रश्न सोडवता येतील असं साधन तयार करायचं. सासरच्या मंडळींना हे कितपत समजलं असेल, देव जाणे.

या डोंगराएवढ्या संकल्पातून जो पहिला उंदीर निघाला तो लाकडी होता. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट नावाची संस्था होती. तिथे एंगलबार्टचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये तो घडवला. लाकडाचा ठोकळा, पोटात एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं आणि डोक्यावर एकच बटण. एक चाक आडवी चाल मोजणार, दुसरं उभी. पडद्यावर बोट दाखवायला यापेक्षा बरं काही आहे का, हे बघण्यासाठी 'नासा'च्या पैशाने परीक्षाही झाल्या. त्यात प्रकाशलेखणी होती, जॉयस्टिक होती आणि टेबलाखाली गुडघ्याने चालवायचं एक यंत्रही होतं. ते गुडघ्याचं यंत्र रूढ झालं असतं तर साठीनंतर कॉम्प्युटरला हात, म्हणजे गुडघा, लावायची आपली कोणाची छाती झाली नसती.

त्याला 'माऊस' हे नाव कोणी दिलं, हे खुद्द प्रयोगशाळेतल्या मंडळींनाही आठवेना. मागे वायरची शेपटी, म्हणून उंदीर, इतकं सरळ. पेटंटच्या कागदावर मात्र १९७० साली त्याची नोंद 'दर्शन-प्रणालीसाठी क्ष-य स्थितिदर्शक' अशा अर्थाच्या नावाने झाली. असली नावं फक्त आपल्या परिभाषा कोशातच जन्माला येतात, हा आपला समज चुकीचा आहे.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत हजारभर तज्ज्ञांसमोर एंगलबार्ट यांनी दीड तास हे सगळं करून दाखवलं. माऊस हा त्यातला लहानसा भाग. एका लिखाणातून दुसऱ्यात उडी मारणं, पन्नासेक किलोमीटरवरच्या सहकाऱ्याचा चेहरा पडद्यावर आणून त्याच्याशी बोलणं, दोघांनी मिळून एकाच मजकुरावर काम करणं, हे सगळं त्या दिवशी दिसलं. आणि उदाहरण कशाचं घेतलं, तर वाणसामानाच्या यादीचं. थोर माणसांनाही घरून निघताना काय काय आणायला सांगितलेलं असतं, ते लक्षात ठेवावं लागतं.

टाळ्या कडकडून झाल्या. लोकांनी डोंगर बघितला आणि उंदीर तेवढा उचलून नेला. पेटंट संस्थेच्या नावावर होतं. पुढे ॲपल कंपनीला परवाना सुमारे ४० हजार डॉलरला दिला गेला, असं एंगलबार्ट यांनीच सांगितलं आहे. त्यांच्या स्वतःच्या हाती माऊसपायी रॉयल्टीचा छदामही लागला नाही. १९८७ मध्ये पेटंटची मुदतही संपली, आणि मग जगात घरोघर उंदीर झाले.

आता त्याचे आजार. प्रत्येक पिढीच्या माऊसचा आजार वेगळा. चाकांच्या जागी गोळी आली. जर्मनीत टेलिफुंकन कंपनीने गोळीचा माऊस १९६८ मध्येच विकायला काढला होता; एंगलबार्टच्या प्रयोगाच्या काही आठवडे आधी. अमेरिकेत बिल इंग्लिश झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात गेले आणि १९७२ च्या सुमारास तिथेही गोळी आली. मग ॲपलसाठी स्वस्तातला माऊस बनवायला घेतलेल्या मंडळींनी पहिला नमुना केला तो लोण्याचं भांडं आणि काखेत फिरवायच्या सुगंधी बाटलीची गोळी वापरून! गोळीचा आजार म्हणजे मळ. टेबलावरची धूळ, चिवड्याचं तेल, हाताचा घाम हे सगळं आतल्या रुळांवर गुंडाळलं जायचं आणि बाण चालता चालता अडखळायचा. उपचार अगदी घरगुती: पोटाची चकती फिरवायची, गोळी बाहेर काढायची, नखाने मळ खरवडायचा. ज्यांनी हे केलं आहे त्यांना ते समाधान वेगळं सांगायला नको. कान कोरून घेतल्यानंतर एवढंच सुख मिळतं.

गोळीनंतर दिवा आला. १९८० च्या आसपासचे प्रकाशाचे माऊस खास रेघांच्या पाटीवरच चालत. पाटी हरवली की माऊस आंधळा. १९९९ मध्ये साध्या टेबलावर चालणारा माऊस बाजारात आला. त्याच्या पोटातला इवलासा कॅमेरा सेकंदाला दीड हजार छायाचित्रं काढायचा आणि एकापुढे एक ठेवून आपण किती सरकलो ते ठरवायचा. लग्नातल्या फोटोग्राफरलाही इतकी हौस नसते. पण टेबलाला काच लावली की पंचाईत. काचेवर टिपण्यासारखं काही सापडत नाही. जिथून निघालो तिथेच आहोत, असं त्या बिचाऱ्याला वाटतं. उपचार: खाली जुनं वर्तमानपत्र. अग्रलेख असेल तर उत्तम, त्यावर बारीक काळं फार असतं.

इथवरचे आजार शरीराचे. पण माऊसला मनाचेही आजार असतात. शरीर धडधाकट, दिवा लुकलुकतोय, आणि बाण हलत नाही. अशा वेळी दोष माऊस आणि कॉम्प्युटर यांच्या बोलण्यात असतो. तो शोधायचा तर आत काय लिहिलंय ते वाचायला मिळालं पाहिजे. इथे आपल्या बखरीत दुसरं एक घराणं येतं आणि गंमत अशी, की त्याची सुरुवातही झेरॉक्सच्याच एका यंत्रापासून होते.

१९८० च्या सुमारास बॉस्टनजवळच्या एम.आय.टी.मध्ये झेरॉक्सने एक नवा लेझर प्रिंटर भेट दिला. त्यात कागद अडकायचा. कागद अडकण्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. ते प्रिंटरचं जन्मसिद्ध कर्तव्यच आहे. पण आधीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत रिचर्ड स्टॉलमन या तरुणाने सोय केली होती, की कागद अडकला की ज्यांची कामं खोळंबली आहेत त्यांच्या पडद्यावर निरोप जावा. नव्या प्रिंटरची आज्ञावली मात्र बंद पेटीत. स्टॉलमन ती मागायला दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाकडे गेला. त्या माणसाने सांगितलं, मी कोणाला न दाखवण्याचा शब्द दिला आहे.

आपण असतो तर दोन शिव्या हासडून घरी आलो असतो. स्टॉलमनने १९८३ मध्ये जाहीर केलं, की मी सगळी प्रणालीच नवी लिहितो. ती कोणीही उघडावी, वाचावी, दुरुस्त करावी आणि शेजाऱ्याला द्यावी. नाव 'ग्नू'. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक छोटी प्रणाली करतोय असं कळवलं, ती लिनक्स. पडद्यावर खिडक्या उघडणारी 'एक्स' ही व्यवस्था एम.आय.टी.त १९८४ पासून तयार होत होतीच. तिच्या आधीच्या व्यवस्थेचं नाव 'डब्ल्यू', म्हणून हिचं 'एक्स'. नाव ठेवायला पंचांग लागलं नाही. पुढे १९९६ मध्ये जर्मनीत 'केडीई' आणि १९९७ मध्ये मेक्सिकोत 'ग्नोम' सुरू झाला, आणि या मोकळ्या घराला दारं-खिडक्या, पडदे, तोरण सगळं आलं.

पण सुरुवातीच्या दिवसांत या घरात माऊसला प्रवेश सोपा नव्हता. एका फाईलमध्ये त्याचा बायोडेटा लेखी द्यावा लागे. कोणत्या भोकात राहतो? भाषा कोणती बोलतो, मायक्रोसॉफ्ट की माऊस सिस्टिम्स की पी-एस-टू? बटणं दोन की तीन? एक जरी उत्तर चुकलं तरी बाण हलायचा नाही, किंवा वेडापिसा होऊन कोपऱ्यात उड्या मारायचा. 'एक्स'ला तीन बटणांची सवय आणि बाजारातल्या बहुतेक माऊसना दोनच. त्यावर तोड अशी, की दोन्ही बटणं एकदम दाबली की मधलं दाबलं असं समजावं. नसलेल्या माणसाची सही दोघांनी मिळून करायची ही पद्धत त्यांना कोणी शिकवली कोण जाणे.

त्यात अक्षरांच्या काळ्या पडद्यावर माऊस चालवणारा 'जीपीएम' नावाचा दुसरा एक कारभारी असे. तो आणि 'एक्स' दोघे एकाच माऊसवर हक्क सांगायचे. चाळीत एका नळावर दोन बिऱ्हाडं आली की जे होतं तेच व्हायचं. अर्धी बादली याला, अर्धी त्याला आणि अंघोळ कोणाचीच नाही.

गोल पिनेचा माऊस आपली हालचाल साधारणपणे तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांनी कळवायचा. मधलं एखादं अक्षर गळालं की पुढच्या सगळ्याचा अर्थ बिघडे. मग लिनक्स आपल्या वहीत नोंद करी: माऊसचा ताळमेळ सुटला, दोन अक्षरं फेकून देत आहे. किती प्रांजळ यंत्र! फेकून दिलेल्या मालाचीही नोंद ठेवणारा कारकून मी अजून पाहिलेला नाही.

२००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ आवृत्तीपासून सगळ्या जातींच्या माऊसना एकाच पंगतीत बसवलं गेलं आणि हळूहळू बायोडेटाची कटकट संपली. आता लावला की चालतो. म्हणूनच न चालला की माणूस अधिक हवालदिल होतो.

आमच्या सोसायटीचे खजिनदार असेच हवालदिल झाले होते. एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. मुलीने त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून दिलेलं. रविवारी वार्षिक सभा, शनिवारी रात्री नऊला माऊस निश्चल आणि पडद्यावर वर्षाचा ताळेबंद उघडा. माझा भाचा या विषयातला जाणकार; त्याला मी फोन लावला आणि निरोप्याचं काम पत्करलं.

"मामा, काकांना आधी सांगा, माऊसला हात लावू नका. कंट्रोल आणि एस दाबा."

"त्याने काय होईल?" खजिनदारांनी विचारलं.

"हिशेब जपून राहील. उंदीर नंतर पकडू."

हा या शास्त्रातला पहिला धडा. बाण मेला म्हणून कॉम्प्युटर मरत नाही. की-बोर्ड जिवंत असेल तर रोगी वाचला. ऑल्ट-टॅबने एका खिडकीतून दुसरीत जाता येतं, टॅब आणि बाणाच्या कळांनी बरंचसं निभावतं. सोय चालू केलेली असेल तर आकड्यांच्या कळांनी बाणही हलवता येतो. दुसरा धडा: सोपं आधी. बिनवायरचा असेल तर सेल बदला, खालचं बटण बघा. वायरचा असेल तर दुसऱ्या भोकात लावा. लॅपटॉप असेल तर चुकून कळ दाबून टचपॅडला कुलूप लागलंय का ते बघा. कधी कधी वीज वाचवणारा एखादा कार्यक्रम माऊसच्या भोकालाच डुलकी काढायला लावतो. हे ऐकून खजिनदार म्हणाले, "म्हणजे लोडशेडिंग!" याहून चांगली व्याख्या मला पुस्तकात मिळाली नाही.

भोक बदललं, तर बाण चार पावलं चालला आणि पुन्हा बसला.

"आता कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-तीन," भाचा म्हणाला. "घाबरू नका म्हणावं."

पडदा काळा झाला आणि खजिनदारांचा चेहरा पांढरा. "माझा ताळेबंद?"

"तो मागच्या खोलीत आहे, आपण ओसरीवर आलोय. नाव आणि पासवर्ड घाला. मग 'सुडो', एक जागा सोडून 'डीमेसेज'."

पडद्यावर ओळी धडाधडा उतरल्या. खजिनदारांनी चष्मा सारखा केला आणि शेवटच्या ओळी वाचायला सुरुवात केली. सात नंबरचं उपकरण गेलं. नवं लो-स्पीड उपकरण आलं, नंबर आठ. आठ नंबर गेलं. नऊ आलं. नऊ गेलं. प्रत्येक ओळीपुढे सेकंदाच्याही बारीक तुकड्यापर्यंत वेळ.

"अहो, हा हजेरीपट आहे!" त्यांचा आवाज एकदम बदलला. "हा उंदीर दर दोन मिनिटांनी चहाला जातोय आणि परत आला की नवीन केसपेपर काढतोय!"

निदान त्यांचंच. वायर माऊसच्या बुडाशी, वाकते तिथे, आतून तुटली होती. हललं की संबंध सुटायचा. समोरच्या बिऱ्हाडातून दुसरा माऊस आणला, एफ-दोन दाबून मागच्या खोलीत गेलो, ताळेबंद जागच्या जागी होता. पण खजिनदारांना त्याचं काही नव्हतं. ते पुन्हा ओसरीवर जाऊन वही वाचत बसले. "आयुष्यभर लोकांना सांगत आलो, साहेब आत आहेत, फाईल बघता येणार नाही," ते म्हणाले. "इथे कोणी अडवत नाही हो!"

मला तेव्हा तो प्रिंटर आठवला. एका माणसाला एकदा 'आत बघता येणार नाही' असं सांगितलं गेलं. त्याला ते लागलं, आणि त्यातून ही न अडवणारी वही आमच्या सोसायटीपर्यंत आली. तिच्यात माऊसची भाषा समजावणारे भाग कोणा एकाचे नाहीत. कोणी जर्मनीतला, कोणी झेकोस्लोव्हाकियात जन्मलेला, कोणी ऑस्ट्रेलियात बसलेला. एकाने लिहिलं, दुसऱ्याने सुधारलं, आणि जो माऊस त्यांनी जन्मात पाहिला नाही तो आपल्या टेबलावर चालला.

एंगलबार्ट २ जुलै २०१३ रोजी गेले. १९९७ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला, मानसन्मान झाले. पण सगळे ओळखायचे ते 'माऊसवाले' म्हणून. माणसांनी एकत्र बसून अवघड प्रश्न सोडवावेत, हा त्यांचा मूळ डोंगर तसा बाजूलाच राहिला. मला वाटतं, अगदीच राहिला नाही. शनिवारी रात्री एक निवृत्त हेडक्लार्क, एक फोनवरचा भाचा आणि कधीही न भेटलेले ते शेकडो लिहिणारे मिळून एका वायरचं दुखणं शोधतात, तेव्हा त्या डोंगराचा एखादा खडा तरी आपल्या हाती लागलेला असतो.

सभा सुरळीत पार पडली. घोटाळा झाला तो पुढच्या वर्षी. खजिनदारांचा मातृभाषेचा अभिमान कडवा. त्यांनी ताळेबंदात लिहिलं होतं: 'उंदीर निर्मूलन, रु. २,४००' आणि खालच्याच ओळीत 'उंदीर खरेदी, १ नग, रु. ३५०'. तिसऱ्या मजल्यावरचे सभासद उठले आणि म्हणाले, एकीकडे मारायचे आणि दुसरीकडे विकत आणायचे, हे सोसायटीचं धोरण तरी काय आहे? अर्धा तास चर्चा झाली. शेवटी खजिनदारांनी नग सभेपुढे ठेवला, सर्वांनी तो हलवून पाहिला आणि इतिवृत्तात नोंद झाली, की सदर उंदीर चालू स्थितीत आहे.